मातीच्या बांधाला धनी कोण?



रोहिणी निघाल्या की गरिबातला गरीब माणूसही आपले छप्पर एकदा चाचपून पाहतो. कौल सरकले असेल तर बसवतो, कुडाला शेणमातीचा हात देतो, गोठ्याची मेढ हलवून पाहतो. फाळ झिजला तर लोहाराकडे जातो, जू तडकले तर सुताराकडे जातो. कारण वस्तू आपली आहे, मोडली तर नुकसान आपले आहे, हे त्यास ठाऊक असते. पण ज्या बांधाच्या पाण्यावर हा फाळ, हे जू व हा गोठा चालतो, त्या बांधाकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहत नाही. त्यास शेवटची पाटीभर माती कधी पडली हे गावात कोणास सांगता येत नाही, आणि तालुक्याच्या कचेरीत तर त्याहून नाही. ह्याचे कारण एकच. त्या बांधास धनी उरलेला नाही. हा धनी कोण, एवढाच प्रश्न आज आम्ही विचारणार आहोत. ज्यांना तो कडू लागेल त्यांस तो कडूच लागावा अशी आमची इच्छा आहे.

आमचे बोलणे मोठ्या धरणांबद्दल नाही. कोयना आहे, जायकवाडी आहे. त्यांस इंजिनियर आहेत, चौक्या आहेत, दिवे आहेत, पाण्याची पातळी लिहून घेणारी माणसे आहेत. आमचे बोलणे गावच्या पाझर तलावाबद्दल आहे, गावतळ्याबद्दल आहे, ओढ्यावर घातलेल्या लहान मातीच्या धरणाबद्दल आहे. ह्यांपैकी पुष्कळ बांध १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर उभे राहिले. त्या हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, पण काम त्याआधीच सुरू झाले होते. ते बांध कोणी बांधले? वडार बंधूंनी पहारीने दगड काढला. बेलदाराने तो घडवला. ज्यांचे शेत जळाले होते त्या कुणब्याने, माळ्याने, धनगराने, महाराने, मांगाने कुदळ हाती घेतली, आणि त्यांच्या लेकीसुनांनी मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. पोटात काय होते? मिलो आणि सुकडी. ज्या म्हाताऱ्या आज ओसरीवर बसून आहेत त्यांच्या टाळूवर त्या पाटीचा वळ आहे. तो बांध सरकारने बांधला असे कोणी म्हणेल तर त्यास आमचे उत्तर असे की, पैसा सरकारच्या हातून आला, तोही आमच्याच पट्टीचा. बांध मात्र ह्या बायांनी बांधला.

आज त्या बांधांस पन्नासहून अधिक वर्षे झाली. माणसाला म्हातारपण येते तसे मातीच्या बांधालाही येते, आणि ते कसे येते हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे, कारण जे समजत नाही त्याचा जाब विचारता येत नाही.

मातीचा बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. गाभ्याभोवती मुरमाचे कवच असते, ते गाभ्यास सांभाळते. जमिनीखाली कठीण थर लागेपर्यंत चर खणून तोही चिकण मातीने कुटून भरलेला असतो, म्हणजे पाणी पायाखालून पळू नये. पाण्याच्या अंगाला दगडाचे अस्तर असते, ते लाटांचा मार खाते. कोरड्या अंगाच्या पायथ्याशी दगडगोट्यांची पाझरवाट असते, म्हणजे जे पाणी झिरपेल ते माती न घेता बाहेर जावे. आणि एका टोकाला सांडवा असतो, म्हणजे पुराचे पाणी बांधाच्या डोक्यावर न चढता बाजूने निघून जावे. ह्यातले एकही अंग निकामी झाले की बाकीची अंगे त्याच्या पाठोपाठ जातात.

बांधातून पाणी झिरपते हा दोष नव्हे. सगळेच मातीचे बांध थोडेफार झिरपतात. ते पाणी नितळ आहे आणि वाढत नाही तोवर भय नाही. पण ते गढूळ झाले की समजावे, पाणी आता एकटे येत नाही. बांधाच्या पोटातली माती संगे घेऊन येत आहे. बाहेरच्या तोंडाशी बोटभर भोक पडते, ते आत आत सरकत जाते, मनगटाएवढे होते, मांडीएवढे होते, आणि ते तळ्याच्या पाण्याला भिडले की पुढे तासांचाच हिशेब उरतो. बांधावर उगवलेली बाभूळ, लिंब, पिंपळ दिसायला बरी दिसतात; पण झाड वाळले की त्याची मुळे आत कुजतात आणि कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला तयार नळी मिळते. घुशीचे व खेकड्याचे बीळ हेच काम करते. पाणी सोडायचा नळ बांधाच्या पोटातून जातो, तीही नाजूक जागा असते, कारण नळाच्या अंगाला माती नीट कुटून बसवणे कठीण. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला, तेथेही पाणी सोडायच्या मोरीवरची माती खचल्याची गोष्ट पुढे आली होती. ते धरण तर नवे होते. पन्नास वर्षांच्या, झडप गंजलेल्या नळाभोवती काय चालले असेल ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसरे मरण डोक्यावरून येते. बांध वर्षांमागून वर्षे खाली बसत जातो. गुरे चढतात, गाड्या चढतात, आता ट्रॅक्टर चढतात. जेथे वाट पडली तेथे माथा हात-दीड हात खचतो. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते पुष्कळदा तग धरते. मातीच्या बांधावरून वीतभर पाणी तासभर वाहिले की ते बांधास करवतीसारखे कापीत जाते. म्हणून सांडवा हा बांधाचा श्वास आहे. तो झाडाझुडपांनी बुजला, त्याच्या वाटेत कोणी घर बांधले, शेत काढले, की बांधाचा गळा दाबला गेला.

हिशेब आम्ही शाळेत पोरांना घालतो तसा घालून पाहा. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. एक लाख घनमीटरचा तलाव हा लहानच तलाव म्हणायचा; त्यात एक लाख टन पाणी राहते. एका मालट्रकात दहा टन माल धरला तर ते दहा हजार मालट्रक झाले. ते गावाच्या उशाशी, उतारावर, पन्नास वर्षांच्या मातीच्या आधाराने उभे आहेत. आणि त्या आधारास धनी नाही.

धनी नाही हे आम्ही रागाने बोलत नाही, कागदावरून बोलतो. आमच्या गावच्या तलावाचा सांडवा एका अंगाने ढासळला आणि पायथ्याला ओल धरू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी अर्ज केला. आम्हीच तो लिहून दिला. पहिल्या कचेरीने कळवले की, सदरहू काम आमच्याकडे हस्तांतरित झाल्याची नोंद आढळत नाही. दुसरीने कळवले की, काम आमचे होते पण देखभालीसाठी दिले आहे. ज्यांस दिले म्हणून सांगितले त्यांनी कळवले की, ताबा मिळाला नाही, आणि मिळाला तरी ह्या सदराखाली तरतूद नाही. शेवटी सारा कागदांचा गठ्ठा ग्रामपंचायतीकडे परत आला, खाली शेरा असा की, गावाने आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी. ज्या ग्रामपंचायतीस नळाची तोटी बदलायला तीन ठराव करावे लागतात तिने धरण दुरुस्त करावे! पूर्वी कुलकर्ण्याच्या दप्तरात कुणब्याचे शेत हरवत असे. आता फायलीत अख्खा तलाव हरवतो. दप्तर गेले, फाइल आली. न वाचता येणाऱ्यास व वाचता येऊनही न समजणाऱ्यास अडवण्याची विद्या मात्र जशीच्या तशी आहे.

कोणी म्हणेल, आता कायदा झाला आहे. झाला आहे खरा. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ साली झाला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरपासून अंमलात आला. त्यात पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासणी सांगितली आहे, संकटकाळी काय करावे ह्याचा आराखडा सांगितला आहे. उत्तम कायदा. पण तो कोणत्या धरणांस लागू? ज्याची उंची १५ मीटरहून जास्त, म्हणजे सुमारे पन्नास फुटांवर, त्यास तो लागतो. १० ते १५ मीटर उंची असेल तर आणखी अटी आहेत: लांबी निदान ५०० मीटर असावी, नाहीतर साठा निदान १० लाख घनमीटर असावा, नाहीतर पुराचा विसर्ग फार मोठा असावा, पाया अवघड असावा, अशांपैकी काहीतरी असावे. आणि १० मीटरच्या आतला? त्याचे नावच कायद्यात नाही. गावोगावचे पाझर तलाव बहुतेक ह्याच नाव नसलेल्यांत मोडतात. म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती जशी पूर्वी गावाच्या हिशेबात नसे, तसे आमचे बांध देशाच्या हिशेबात नाहीत. आम्ही विचारतो, बांध फुटल्यावर पाणी काय मीटरपट्टी पाहून माणसे बुडवते? ओढ्याकाठच्या झोपडीतल्या लेकरास बुडायला किती फूट पाणी लागते?

सरकारी पंडित म्हणतील, असे बांध हजारोंनी आहेत, प्रत्येकास इंजिनियर कोठून आणावा? हा आक्षेप वरवर बरोबर दिसतो. पण बांधावरून चालत जाणे, पायथ्याचे पाणी नितळ की गढूळ ते पाहणे, नवी भेग कोठे पडली ते काठीने मोजणे व वहीत लिहिणे, ह्यास इंजिनियर लागत नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम ह्या नद्यांवर फडाची शेती पिढ्यानपिढ्या चालत आली. तेथे गावकऱ्यांनीच नेमलेले पाटकरी व जागले पाण्याची व पाटाची राखण करीत, आणि त्यांचे पोट त्याच फडातून भरे. इंजिनियर हवा तो वहीतला शेरा वाचून वेळेवर धावत येण्यासाठी. पण ज्यांच्याकडे वहीच नाही ते कोणत्या शेऱ्यावर धावणार?

वेळेवर धावले तर काय होते हेही पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या, अजून काम चालू असलेल्या मातीच्या धरणास गळती लागली. तेथे खालची गावे उठवली, बाजूने वाट खणून पाणी काढून दिले, आणि माणसे वाचली. ते धरण असे का बांधले हा जाब निराळा. पण गळती पाहिली आणि हालचाल केली म्हणून प्रेते मोजावी लागली नाहीत.

आता आपल्याकडचे पाहा. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील मातीचे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. धरण पन्नास वर्षांचेही नव्हते. गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. आणि जलसंधारण खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी काय सांगितले? धरण खेकड्यांनी फोडले! साऱ्या महाराष्ट्राने ते वाक्य ऐकले, लोक हसले, चिडले, कोणी खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, आणि काही दिवसांनी सारे विसरले. आम्ही हसलो नाही. आम्ही म्हणतो, घटकाभर खेकडाच गुन्हेगार धरू. खेकडा बीळ करतो हे कोकणातल्या पाचवीतल्या पोरास ठाऊक आहे. उंदीर कणगी पोखरतो म्हणून आपण कणगी राखतो, मांजर पाळतो. धान्य गेल्यावर उंदरावर खटला भरीत नाही. बीळ पडणारच, म्हणून बिळे बुजवणारा माणूस नेमायचा असतो. तो नेमला नाही, नेमला असेल तर त्याने पाहिले नाही, पाहिले असेल तर त्याचे कोणी ऐकले नाही. ह्या तिहींपैकी कोणता गुन्हा खेकड्याचा आहे?

पानशेत फुटले तेव्हा शहर बुडाले, म्हणून साठ वर्षांनंतरही त्याची आठवण छापून येते. तिवऱ्याची आठवण किती जणांस आहे? बुडणाराची जागा पाहून दुःखाचे मोल ठरते, ही रीत आपल्या देशाचीच आहे असेही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात साउथ फोर्क नावाचे जुने मातीचे धरण होते. सरकारने ते कालव्यासाठी बांधले आणि कालवा निरुपयोगी झाल्यावर सोडून दिले. १८७९ साली पिट्सबर्गच्या धनवानांच्या क्लबाने मासे धरण्याच्या व नौका फिरवण्याच्या हौसेखातर ती जागा घेतली. पाणी सोडायचे नळ आधीच काढून टाकलेले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा खाली केला. मासे पळू नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या मारल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात जाळ्यांत पालापाचोळा अडकला, पाणी बांधावर चढले आणि धरण फुटले. खाली जॉन्सटाऊन हे पोलादाच्या कारखान्यातल्या मजुरांचे गाव होते. २,२०९ माणसे मेली. क्लबास न्यायालयात एक पैसाही भरावा लागला नाही. दैवी कोप ठरला! वर मौज करणारा एक, खाली मरणारा दुसरा, आणि मध्ये एक बेवारशी मातीचा बांध: हा देखावा आमच्या वाचकांस ओळखीचा वाटेल. आज आपल्या तळ्यांवर मासेमारीचा ठेका घेणारे काही जण सांडव्यास जाळी लावतात. पिढीजात मासे धरणारा गावचा भोई काठावर बसून पाहतो, आणि जाळी कोणाच्या परवानगीने लागली हे कोणी विचारीत नाही.

तळे भरले की मात्र सर्वांस आठवण येते. मोटारी येतात, मांडव पडतो, जलपूजन होते. नारळ फुटतो, साडी-चोळी पाण्यात सोडली जाते, मंत्र म्हटले जातात, छायाचित्र निघते. पाय ठेवण्यासाठी सतरंजी जेथे घालतात तिच्याखालीच बांधाला भेग असते. श्रावणात आपल्या घरी शिळासप्तमीची कहाणी सांगतात. राजाने तळे बांधले, पाणी लागेना, तेव्हा जलदेवतांनी सुनेच्या वडील मुलाचा बळी मागितला. कहाणी आम्हास पटत नाही. पाणी बळीने लागत नाही. नीट जागा पाहून, पाया खणून, माती कुटून लागते. पण त्या राजाची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याने नातू दिला तो स्वतःचा दिला. आताचे राजे दुसऱ्यांची लेकरे देतात आणि वर मदतीचा धनादेश देताना छायाचित्र काढून घेतात.

बंधूंनो, पाण्याचा हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी कोणापेक्षा कमी ओळखला नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यांनी त्यात इंग्रज सरकारास स्पष्ट सांगितले की, पलटणीतले व पोलिसांतले मोकळे हात लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, आणि तळ्यातला गाळ शेतकऱ्यास नेऊ द्यावा. त्यास आता दीडशे वर्षे होत आली. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हजारो मातीची तळी आहेत. पुष्कळ तर गोंड राजांच्या काळातली. ती बांधणारे कोहळी शेतकरी कोणत्या कॉलेजात गेले नव्हते. उतार कोठून येतो, सांडवा कोठे काढावा, हे त्यांस पाण्याकडे पाहून कळे. पुढे ती तळी मालगुजारांच्या हाती होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे फार चांगले झाले. कुळास पिळणारा गेला त्याचे आम्हास सुतक नाही. पण मालगुजाराबरोबर तळ्याची डागडुजी करवून घेणारा हातही गेला. तळी सरकारजमा झाली, पाणीपट्टी मागायला सरकार आले, पाळीवर माती टाकायला कोणी आले नाही. शेतकऱ्यांनी पट्टीविरुद्ध तक्रार केली ती ह्याचमुळे. धनीपणाचा हक्क हवा आणि धनीपणाचे काम नको, ही मालगुजारी नव्हे तर काय?

नव्या कामास पैसा आहे. नव्या कामास ठेका असतो, कोनशिला असते, तीवर नाव असते. जुन्या बांधावर चार ब्रास मुरूम टाकला तर कोनशिला बसवायची कोठे? म्हणून जुने मरू द्यावे आणि मेल्यावर त्याच जागी नवे मंजूर करून आणावे, हा धंदा बरा चालतो. गाळ काढण्याच्या योजनेचे पाहा. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली. कल्पना जोतीरावांच्याच सांगण्याशी जुळणारी. तिला आमचा विरोध नाही. पण यंत्र घेऊन आलेला माणूस गाळ कोठे संपतो व तळ्याचा मूळ तळ कोठे लागतो हे पाहत नाही, बांधाच्या अगदी पायथ्यापर्यंत खणत जातो, आणि जो चिकण थर पाणी धरून होता तोच फाडून टाकतो. तळे खोल होते आणि कोरडे पडते. बांधाचा पाय उघडा पडतो तो वेगळाच.

आता दोन शब्द आपल्याच माणसांस. सरकारला शिव्या देऊन आपले अंग झाडून मोकळे होता येणार नाही. दोन पाळ्या पाणी जास्त मिळावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणारे आपल्याच गावचे असतात. पोत्याने हातभर पाणी वाढते खरे, पण पुराला जी हातभर जागा राखून ठेवलेली असते ती संपते. घराच्या भरावासाठी बांधाच्या कोरड्या अंगाचा मुरूम रातोरात नेणारे आपलेच असतात. सांडव्याच्या वाटेवर ऊस लावणारा बहुधा गावातला मोठा बागायतदार असतो, आणि त्यास बोलायची कोणाची छाती होत नाही. तळ्याचे पाणी वरच्या चार पंपांनी ओढायचे आणि बांध फुटला तर मरायचे खालच्या वस्तीने, हा जो गावातला अन्याय तो कचेरीतल्या अन्यायाचाच धाकटा भाऊ आहे. भटशाही फक्त जानव्यात असते असे समजू नका. जो दुसऱ्याच्या कष्टाचा बांध स्वतःच्या पोटासाठी पोखरतो तो कोणत्याही जातीचा असो, तो त्याच पंगतीचा.

सबब आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या गावागावाने ठराव करून कराव्यात.

पहिली: प्रत्येक लहान बांधास लेखी धनी हवा. अमुक तलाव अमुक खात्याच्या अमुक अधिकाऱ्याच्या हवाली, असा फलक बांधावर लागावा. जलपूजनाच्या कोनशिलेवर नाव चालते, तर जबाबदारीच्या फलकावर का चालू नये?

दुसरी: प्रत्येक बांधाची नोंदवही असावी, आणि ती गावात असावी. तिच्यात बांधल्याचे वर्ष, उंची, लांबी, सांडव्याची रुंदी, झालेली दुरुस्ती व दर तपासणीचा शेरा असावा. हे कागद मिळत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने मागावेत. अर्ज लिहिता येत नसेल तर गावच्या मास्तराकडे जावे. लिहून देणे हे आमचे कामच आहे.

तिसरी: वर्षातून दोनदा तपासणी व्हावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. १ मेची ग्रामसभा पावसाच्या आधी येते, २ ऑक्टोबरची पावसानंतर येते. ह्याहून सोयीचे मुहूर्त कोणत्याही पंचांगात मिळणार नाहीत.

चौथी: गावातला एक माणूस, मग तो मुलगा असो की मुलगी, शिकवून पगारी नेमावा. पावसाळ्यात रोज बांधावर फेरी घालणे हे त्याचे काम. ही बिगारी नव्हे, नोकरी समजावी.

पाचवी: कायद्यात दुरुस्ती होऊन, बांधाची उंची न पाहता खाली वस्ती आहे की नाही हे पाहून तपासणी सक्तीची व्हावी. दहा मीटरच्या आतल्या बांधाखाली राहणारा माणूस दहा मीटरच्या आतला नसतो.

हे होईल तेव्हा होईल. ह्या पावसाळ्यापुरते प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवावे. बांधाच्या पायथ्याचे पाणी रोज पाहा. ते गढूळ दिसले, तर बाहेरून चिखल थापून भोक बुजवू नका. कोंडलेले पाणी दुसरीकडून फोडून निघते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असे थर द्या, म्हणजे पाणी बाहेर पडेल पण माती अडेल. त्याच वेळी तहसीलदारास कळवा, आणि खालची वस्ती उजेड आहे तोवर उठवा. खोटा ठरलेला इशारा एका रात्रीची झोप घेतो. न दिलेला इशारा काय घेतो ते तिवऱ्याने पाहिले आहे.

ज्या बायांनी ही माती डोक्यावर वाहिली त्यांपैकी पुष्कळ जणी आता नाहीत. ज्या आहेत त्यांची नातवंडे त्या बांधाखालीच राहतात. बांधाला धनी कोण हे कचेऱ्या ठरवतील तेव्हा ठरवोत. तोवर ज्याचे घर त्याच्या खाली आहे तो त्याचा धनी, असे आम्ही मानतो. आणि धन्याने आपल्या वस्तूचा हिशेब मागावा, ही भीक नव्हे.